तीनशे रुपयांची बाहुली

२०२५ चा मे महिना. ऑफिसातून घरी आले, चपला काढल्या, माठातलं पाणी प्यायले आणि सवयीनं पॅसेजमधल्या काचेच्या कपाटाकडे नजर गेली. तिसऱ्या खणात फ्रीरेन नव्हती. तिचा गोल बेस तेवढा होता. ज्या दोन खिळ्यांवर तिचे पाय बसायचे, ते खिळे उघडे पडले होते.

"आई, इथली बाहुली कुठे गेली?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "कोणती? पांढऱ्या केसांची होती ती? अगं, ती दिली मी छोट्याला. निघताना रडायला लागला, हातातून सोडेचना. म्हटलं, घेऊन जा बाळा, मामीकडे खूप आहेत. तीनशे रुपयांची तर वस्तू. लेकराला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"

सुट्टीला आलेली नणंद आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा त्याच दुपारी पुण्याला परत निघाले होते. गाडी एव्हाना सुरत ओलांडून गेली असेल. मी "बरं" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. कारण तो तीनशेचा आकडा सासूबाईंचा नव्हता. माझा होता. मीच सांगितला होता.

माझं वय एकोणचाळीस. माहेर साताऱ्याचं, सासर बडोद्याचं. सयाजीरावांच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरांपैकी हे एक. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. एका सीएच्या ऑफिसात हिशेब बघते. आणि जपानी कार्टूनमधल्या, म्हणजे अ‍ॅनिमेमधल्या पात्रांचे पुतळे जमवते. त्याला सगळे 'फिगर' म्हणतात. एकदा मैत्रिणीला सांगितलं, "मला फिगर जपायचा छंद आहे," तर तिनं कोणत्या जिमला जातेस म्हणून विचारलं. तेव्हापासून मी घरात सरळ 'बाहुल्या' म्हणते. चूक आहे ते, पण भांडण होत नाही.

हे खूळ कुठून आलं, असं मला बरेच जण विचारतात. मला वाटतं, दिवाळीच्या किल्ल्यातून आलं. साताऱ्यात अजिंक्यतारा डोक्यावर असताना किल्ला न करणारं पोर विरळच. माती, विटा, पोत्याचं कापड, हिरवळीसाठी अहळीव पेरायचे, आणि मग कुंभाराकडून आणलेली चित्रं मांडायची. सिंहासनावरचे महाराज वर, मावळे तटावर, खाली गवळण, वाघ गुहेत. भावाला किल्ला बांधण्यात रस होता, मला त्या चित्रांमध्ये. दिवाळी झाली की तो सगळं लाथेनं मोडायचा आणि मी मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे. एका मावळ्याचा भाला मोडला होता, त्याला आजोबांनी खराट्याची काडी लावून दिली. तो माझा सर्वांत आवडता. दर वर्षी नवे मावळे यायचे, पण दरवाजावर पहारा त्या काडीवाल्याचाच.

अ‍ॅनिमे तर आमच्या पिढीनं नाव माहीत नसताना पाहिलं. रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, तो निप्पॉन अ‍ॅनिमेशनचा, १९८९ सालचा. आम्हाला तो आपलाच वाटायचा. जंगल आपलं, शेरखान आपला, बोलणं हिंदीत. पुढे केबल आली आणि कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी. गोकू एक फटका मारायला तीन-तीन दिवस ओरडत बसायचा आणि आम्ही क्लास बुडवून ते बघायचो.

आणि व्हिडिओ गेम! मामानं मुंबईहून आणलेला तो करड्या रंगाचा डबा, पिवळी कॅसेट, तिच्यावर लिहिलेलं '९९९९९९ इन १'. प्रत्यक्षात पंधरा-वीस गेम, तेच परत परत. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची. फुंकरीनं काय होत होतं देव जाणे, पण सगळ्या महाराष्ट्रात, नव्हे सगळ्या भारतात पोरं फुंकरच मारत होती. काँट्रामध्ये वर-वर-खाली-खाली-डावीकडे-उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे, मग बी, मग ए दाबलं की तीस जीव मिळायचे. दहावीची सूत्रं विसरले, हे विसरले नाही. दोघांत दोन रिमोट होते, त्यातला दुसरा अर्धा बिघडलेला. तो माझा. अर्ध्या बिघडलेल्या रिमोटवर मी भावाच्या मागोमाग सहाव्या टप्प्यापर्यंत जायचे, याचा मला अजून अभिमान आहे.

मग बी.कॉम., नोकरी, लग्न, मुलगी. मधली पंधरा वर्षं यातलं काहीच नव्हतं आणि त्याची आठवणही नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम सुरू झालं. दिवसभर जीएसटीचे आकडे, संध्याकाळी मुलीचा ऑनलाइन गृहपाठ, रात्री झोप नाही. बंगळूरूच्या भावानं वाढदिवसाला एक पार्सल पाठवलं. आत वीतभर गोकू. सोबत चिठ्ठी: 'क्लास बुडवल्याबद्दल.' मी ते कंप्यूटरशेजारी ठेवलं. दोन दिवसांनी लक्षात आलं, की रिटर्न भरता भरता मी त्याच्या पॅंटच्या चुण्या बघतेय. कुणीतरी बसून त्या चुण्या कोरल्या असतील. कापड ओढलं गेल्यावर गुडघ्यामागे जशी पडते अगदी तशीच घडी.

तिथून मी गेले ती गेलेच.

ज्यांनी फिगर हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे साधं खेळणं नव्हे, आणि मूर्तीही नव्हे. आधी एक शिल्पकार मूळ नमुना घडवतो. आपण चित्रात पाहिलेलं पात्र एकाच बाजूनं काढलेलं असतं. त्याला पाठ द्यायची, मान द्यायची, केस वाऱ्यावर उडताना मागून कसे दिसतील ते ठरवायचं. मग त्याचे साचे, पीव्हीसी आणि एबीएस प्लॅस्टिकचे भाग, रंगकाम. डोळे बहुधा छापलेले असतात, मऊ गादीसारख्या शिक्क्यानं. तो शिक्का केसभर सरकला तरी चेहरा तिरळा दिसतो. म्हणून मी पार्सल उघडलं की सगळ्यात आधी डोळे बघते. आपण गौरीचे मुखवटे घेताना बघतो ना, तसंच.

प्रकारही बरेच. जपानमध्ये गेम सेंटरच्या यंत्रात लोखंडी पंजानं बक्षीस उचलायचं असतं, त्या बक्षिसासाठी बनवलेल्या फिगर स्वस्त असतात आणि आपल्याकडे दोन-तीन हजारांत मिळून जातात. नेंडोरॉइड म्हणजे साधारण दहा सेंटिमीटरची, मोठ्या डोक्याची, चेहरे बदलता येणारी. माझ्या मुलीला त्या आवडतात. ती त्यांचे रडके चेहरे लावून ठेवते आणि परीक्षेच्या दिवसांत सगळं कपाट रडत असतं. आणि मग स्केल फिगर. १/७ म्हणजे पात्राच्या मूळ उंचीच्या सातव्या हिश्श्याएवढी. खरी कलाकुसर त्यात, आणि खरा खर्चही.

स्केल फिगर बाजारात जाऊन उचलायची नसते. आधी फोटो जाहीर होतात, मग मागणी नोंदवायची, मग वाट बघायची. सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. माझ्या फ्रीरेनला नऊ महिने लागले. त्यावर नवऱ्यानं जो विनोद केला तो इथे लिहीत नाही. पण खरं सांगू, मला ती वाट बघणंही आवडतं. महिन्याच्या शेवटी, सगळी देणी-घेणी जुळवून मान अवघडलेली असताना मनात येतं, की कुठल्यातरी कारखान्यात आत्ता तिचे केस रंगवत असतील.

मग येते कस्टम ड्युटी. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ झालं, २०२३ मध्ये सत्तर. देशातले खेळणी बनवणारे टिकावेत म्हणून ते केलं, आणि हिशेबनीस म्हणून मला ते समजतं. पण दारात कुरियरवाला उभा आहे आणि हातात ड्युटीची पावती आहे, तेव्हा मी हिशेबनीस नसते. पहिल्या पार्सलच्या वेळी तर मला वाटलं होतं की पावती दुसऱ्या कुणाचीतरी आहे.

नकलीही खूप. एका साइटवर 'ओरिजिनल' म्हणून घेतलेला एक तलवारबाज डबा उघडताच रॉकेलसारखा वासला. चेहरा तेलकट चकचकीत, ओठांचा रंग हनुवटीवर उतरलेला. पैसे परत मिळाले नाहीत. तो मी टाकलेला नाही, गॅसच्या पुस्तकावर वजन म्हणून ठेवलाय. शिक्षा त्याला की मला, ठाऊक नाही.

आणि आमचा बडोद्याचा उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा पीव्हीसी मऊ पडतं आणि एका पायावर उभी असलेली बाई हळूहळू पुढे वाकायला लागते. पहिल्या वर्षी मला वाटलं, कुणीतरी धक्का दिला असेल. मग शिकले: पाय गरम पाण्यात धरायचा, उकळत्या नव्हे, मऊ झाला की हळूच सरळ करायचा, लगेच थंड पाण्यात बुडवायचा. काही फिगर बऱ्याच दिवसांनी चिकट होतात, प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येतं म्हणून. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, सावलीत वाळवणं. धुळीला माझा जुना मेकअपचा ब्रश. रविवारी सकाळी मी हे करत बसते तेव्हा सासूबाई म्हणतात, "बाहुल्यांना न्हाऊ-माखू घालणं झालं की पोळ्यांचं बघा."

बघते. पोळ्या करतेच. तरीही त्या वाक्यानं मला दर वेळी थोडं अपराधी वाटायचं, आणि त्या अपराधातूनच खोटं बोलण्याची सवय लागली.

सुरुवात लहान होती. "किती पडले?" असं कुणी विचारलं की जीभ आपोआप कमी आकडा सांगायची. नवऱ्याला निम्मा. सासूबाईंना दहावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. खरे आकडे माझ्या लॅपटॉपवर एका फाइलमध्ये होते आणि त्या फाइलचं नाव मी 'गॅस बिल' ठेवलं होतं. दिवसभर लोकांच्या वह्यांतल्या लपवाछपव्या शोधून काढणारी मी! पैसे माझ्याच पगारातले. घरखर्च, मुलीची फी, घराचा हप्ता, सगळं वळतं करून उरलेले. सासरे गेल्यापासून सासूबाईंच्या औषधांत कधी कुचराई केली नाही. तरी आकडा तोंडातून निघायचा नाही. साडीला सतरा हजार म्हटले असते तर बायका पदर हातात घेऊन बघायला आल्या असत्या. सोन्याचं तर विचारूच नका. पण एका चेटकिणीच्या पुतळ्याला सतरा हजार चारशे, ड्युटी धरून? म्हणून म्हटलं, "तीनशे. सेलमध्ये."

फ्रीरेनच का, तेही सांगायला हवं. ती एका जपानी मांगामधली जादूगारीण. हे मांगा २०२० मध्ये सुरू झालं आणि अ‍ॅनिमे २०२३ च्या सप्टेंबरात आलं. ती हजार वर्षांहून जास्त जगलेली आहे. वीर हिमेल आणि आणखी दोघांसोबत तिनं दहा वर्षं प्रवास करून असुरांच्या राजाला मारलं. तिच्या आयुष्याच्या मानानं दहा वर्षं म्हणजे आपला एखादा आठवडा. सहज निरोप घेऊन ती निघून जाते, पन्नास वर्षांनी परत येते तर हिमेल म्हातारा झालेला, आणि थोड्याच दिवसांत जातो. त्याच्या अंत्यविधीला ती रडते; म्हणते, मी त्याला ओळखून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. गोष्ट इथे सुरू होते. पण मला ती खरी आवडली ती तिच्या छंदामुळे. एवढी थोर जादूगारीण, आणि जमवते काय, तर निरुपयोगी मंत्र! पितळी पुतळ्याचा गंज काढायचा मंत्र. गोड द्राक्षं आंबट करायचा मंत्र. फुलांचं शेत उगवायचा मंत्र. त्यासाठी ती गावोगाव राबते, मोबदल्यात असलं एखादं पुस्तक मागते, आणि मिळालं की तिचा चेहरा उजळतो. मी तो भाग रात्री साडेबाराला, इअरफोन लावून, अंधारात बघितला. त्याच रात्री मागणी नोंदवली.

ती आली तेव्हा मी ऑफिसला अर्धा दिवस रजा टाकली. नेसलेला पांढरा झगा, दोन शेंड्या, कानात लाल लोलक, हातात उंच दंड. केसांचा रंग मुळाशी राखाडी, टोकाला जवळजवळ पारदर्शक. संध्याकाळी साडेपाचला पॅसेजच्या खिडकीतून ऊन येतं. दहा मिनिटं मी तिला त्या उन्हात ठेवायचे, मग आत. जास्त ठेवलं तर रंग पिवळा पडतो. ती दहा मिनिटं ही माझ्या दिवसातली एकमेव वेळ होती जेव्हा कुणालाही माझ्याकडून काहीही नको असायचं.

आणि आता ती सुरतेच्या पुढे होती.

त्या रात्री मी जेवले नाही, डोकं दुखतंय म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी गॅसवरचं दूध बंद केलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"एका बाहुलीसाठी? तीनशे रुपयांच्या? मी देते तुला तीनशे."

"आई, ती तीनशेची नव्हती."

"मग?"

"सतरा हजार चारशे."

त्या खाली बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं आता किमतीवरून सुरू होईल. पण त्या म्हणाल्या, "म्हणजे मी सतरा हजारांची वस्तू त्या पोराच्या हातात दिली. वाळूत खेळायला. आणि तू ते मला करू दिलंस."

"मी घरात नव्हते हो."

"खोटं का सांगितलंस?"

"तुम्ही रागावला असता."

"रागावलेच असते. चार दिवस रागावून झालं असतं. वस्तू तर कपाटात राहिली असती."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

त्या लगेच नणंदेला फोन लावायला निघाल्या, "परत पाठव म्हणते कुरियरनं." मी हात धरला. मोठ्या मनानं वगैरे धरला असं समजू नका. त्या आधीच्या रात्री भाच्याचा व्हॉइस मेसेज आला होता. "मामी, हिचं नाव काय?" मी सांगितलं, फ्रीरेन. लगेच पुढचा: "ती किती वर्षांची आहे?" हजारपेक्षा जास्त. थोड्या वेळानं: "म्हणजे आज्जीपेक्षा मोठी? मग ती शाळेत जात नाही?" असे सात मेसेज. सातव्यात तो तिला झोपायला सांगत होता. आता यानंतर परत कशी मागणार? आणि तिसऱ्याच दिवशी दंड मोडला हेही मला नणंदेनं कळवलं होतं, हसत, "तुझ्या बाहुलीची काठी गेली गं" म्हणून. मोडलेली परत येऊन मी काय करणार होते, रोज तिच्याकडे बघून चिडण्याशिवाय? मी चांगले दोन आठवडे चिडलेली होते. कधी पोरावर, कधी सासूबाईंवर, जास्त करून त्या 'गॅस बिल' नावाच्या फाइलवर.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलल्या. नवऱ्याला मी सगळे आकडे एका दमात दाखवले. त्यानं शेवटपर्यंत स्क्रोल केलं, खाली बेरीज बघितली, चष्मा काढून पुसला आणि परत बघितली. मग म्हणाला, "फाइलचं नाव तरी बदल. मी दोनदा गॅसचं बिल शोधत होतो." तो विषय तिथे संपला नाही, एका रविवारी पुन्हा निघाला आणि आवाज चढले, ते घराघरांत होतं तसं झालं. आता महिन्याला दोन हजार बाजूला ठेवते, जमतील तेव्हा घेते, आणि किंमत विचारली की खरी सांगते. लोक दचकतात. दचकू देत.

खरा बदल मात्र गेममुळे झाला, आणि तो कुणी ठरवून केला नव्हता.

रात्री मुलगी झोपली की मी लॅपटॉपवर स्टारड्यू व्हॅली खेळते. मारामारी फारशी नाही, शेतीचा गेम आहे. आजोबांचं पडीक शेत नातवाकडे येतं, ते साफ करायचं, पेरायचं, पाणी घालायचं, गावातल्या लोकांना भेटी देऊन ओळखी वाढवायच्या. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं चारेक वर्षं खपून हा केला, चित्रं, संगीत, सगळं त्याचंच. २०१६ मध्ये आला. त्या दिवसांत सासूबाईंना झोप लागत नव्हती. एका रात्री पाण्याला उठल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर धुळ्याकडचं, शेतीवाडीचं.

"हे काय लावलंयस?"

"पार्सनिप. पांढरं गाजर म्हणा."

"किती दिवसांत येतं?"

"चार."

"चार दिवसांत गाजर!" त्या खुर्ची ओढून बसल्या. "बाबांना दाखवायला हवं होतं. आणि कडेची ओळ कोरडी राहिली बघ. पाणी घाल."

दुसऱ्या रात्री स्वतःहून आल्या. फ्लॉवरला बारा दिवस लागतात हे ऐकून, "हे जरा बरोबर वाटतं" म्हणाल्या. गेममध्ये रात्रीचे दोन वाजले की आपलं पात्र असेल तिथे चक्कर येऊन पडतं. त्यांचा जीव वरखाली व्हायचा. "घरी ने तिला, घरी ने, उशीर झाला." कोंबड्यांची नावं त्यांनी ठेवली. गावातल्या कुणाला काय आवडतं हे त्या माझ्यापेक्षा चांगलं लक्षात ठेवतात; पन्नास वर्षं आहेराची देवाणघेवाण सांभाळलेली बाई ती. माऊस अजून हातात घेत नाहीत. पण पाऊस पडला की "आज पाणी घालायचं वाचलं" हे आधी त्याच म्हणतात.

गौरी-गणपतीच्या आधी त्यांनी कपाटावरून पत्र्याचा डबा काढायला सांगितला. त्यात त्यांची पितळी भातुकली आहे. बंब, घंगाळ, जातं, पाटा-वरवंटा, शेगडी, पोहरा, सगळं बोटभर. दर वर्षी त्या चिंच-मिठानं घासतात आणि गौरींपुढे मांडतात. जात्याच्या खाचेत काळं राहिलं होतं, कापडाचं टोक जाईना. "तुझा तो ब्रश दे गं," म्हणाल्या. मी दिला. आम्ही दोघी जमिनीवर बसून घासत होतो. बंब हातात घेतला तर त्याला खरंच आतून नळी होती, खाली राखेची खण, बारीक तोटी फिरणारी. मी तोटी फिरवत बसले.

"पुण्याला तांबट आळीतून घेतला होता," त्या म्हणाल्या. "हिच्या लग्नाआधी. ह्यांना सांगितलं, माहेरहून आला."

"केवढ्याला?"

त्यांनी आकडा सांगितला. त्या काळी सासऱ्यांचा पगार किती होता तेही सांगितलं. मी हिशेबनीस आहे. मी काहीच बोलले नाही.

घासून झाल्यावर त्यांनी तो बंब डब्यात ठेवला नाही. पॅसेजमध्ये गेल्या, कपाट उघडलं आणि फ्रीरेनच्या रिकाम्या बेसवर, त्या दोन खिळ्यांच्या मध्ये नीट बसवला. "इथं बरा दिसतो," म्हणाल्या. गौरी गेल्या तरी तो तिथेच आहे. डावीकडे गोकू, उजवीकडे रडका चेहरा लावलेली नेंडोरॉइड.

सप्टेंबरात 'डीमन स्लेअर'चा नवा चित्रपट लागला, हिंदीतही होता. मी आणि मुलगी सकाळच्या खेळाला गेलो. भोवती सगळी कॉलेजची पोरं, काही पात्रांच्या वेशात. शेजारच्या मुलीनं विचारलं, "आंटी, मुलीला सोबत म्हणून आलात?" माझी मुलगी म्हणाली, "मी हिला सोबत म्हणून आलेय."

दिवाळीला पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. भाचा कॅमेरा अंगणाकडे वळवून ओरडत होता, "मामी, किल्ला बघ! आज्जी, किल्ला बघ!" फोन इतका हलत होता की आधी नुसती माती दिसली, मग अहळिवाची हिरवळ, मग तट. महाराज सिंहासनावर. तटावर भालेवाले मावळे. आणि मुख्य दरवाजापाशी, घोट्यापर्यंत मातीत रोवलेली, पांढऱ्या केसांची फ्रीरेन. झग्याला गेरूचे डाग. एक शेंडी टोकाशी तुटलेली. हातात दंडाच्या जागी काहीतरी बारीक, पिवळट.

"ते काय लावलंयस तिच्या हातात?"

"काडी! खराट्याची! आमच्या आजोबांनी लावली. ती पहारा देते."

मला पुढचं नीट बोलता आलं नाही. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अरे, तिला दुपारी सावलीत घे हां बाळा. उन्हात वाकते ती."